डोळे मिटून सांग

आमच्या घरी पत्ते नव्हते, कॅरम नव्हता, टीव्ही असून नसल्यासारखा होता. होता तो एकच खेळ, आणि तो बाबांनी काढलेला. कुणाच्या घरून परत निघालो की जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत बाबा काही बोलायचे नाहीत. कोपऱ्यावरचं रोझमिल्कचं दुकान दिसायला लागलं की थांबायचे, माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवायचे आणि म्हणायचे, “डोळे मिटून सांग.” मग मी डोळे मिटून त्या घरातलं सगळं सांगायचे. दाराला कड्या किती, चपलांचे जोड किती, स्वयंपाकघराचं मागचं दार कुठं उघडतं, घरच्या मामीनं (इकडं सगळ्या मोठ्या बायका मामीच) कपाट उघडून ब्लाऊजपीस काढला तेव्हा किल्ली कुठून घेतली आणि परत कुठं ठेवली. घरात माणसं कोण कोण, कुणाला ऐकू कमी येतं, कोण दुपारी झोपतं. एकही गोष्ट सुटली नाही तर गुलाबी रोझमिल्कचा उंच ग्लास मिळायचा, वर सब्जा घातलेला. बाबा म्हणायचे, माझ्यासारखं डोकं अख्ख्या वेस्ट मांबलममध्ये नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला ते शंभर टक्के खरं वाटायचं.

बाबा सोलापूरकडचे. मोटारीचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागले म्हणून चेन्नईला आले आणि आईशी लग्न करून इथलेच झाले. आई तंजावरची मराठी, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथलीच. त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदायच्या. बाबा “कशाला” म्हणायचे, आई “कशासं गे” म्हणायची, आणि दोघं भांडायला लागली की एकदम तमिळवर यायची. सकाळी मांबलम स्टेशनवरून लोकल गेली की आमच्या मांडणीतली भांडी किणकिणायची. तो आवाज ऐकून आई कॉफीचा फिल्टर लावायची. रविवारी बाबा पिठलं करायचे, झणझणीत, आणि आई त्यात चिंचेचा कोळ ओतून त्यांचा पार जीव घ्यायची. आई फार टापटिपीची. वाकडी वस्तू तिला दिसली की सरळ केल्याशिवाय चैन पडायचं नाही, मग ती दुसऱ्याच्या घरातली का असेना. माझ्या पावाडैच्या, म्हणजे परकराच्या, चुण्या, माझी रिबीन, भिंतीवरच्या देवाची तसबीर, सगळ्यांवरून तिचा हात फिरायचा. सांगायचा मुद्दा हा की ती चांगली होती. लोकांना वाटतं तसं आमचं घर अंधारं, कुजबुजणारं वगैरे काही नव्हतं. मला तिथं गाढ झोप लागायची.

बाबांची कारखान्यातली नोकरी कधी सुटली ते मला कळलं नाही. त्यानंतर “फिरतीचं काम” एवढंच कानावर होतं. पण नवरात्र आलं की आम्हा तिघांची खरी धावपळ. इकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्या पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, मग देव, खाली वाणी आणि वाणीण पुढ्यात डाळ-तांदळाचे ढीग घेऊन बसलेले, आणि जमिनीवर मेथीचे दाणे उगवून केलेली बाग. बायका एकमेकींना हळदकुंकवाला बोलावतात, आणि बरोबर मुलगी असेल तर तिनं बाहुल्यांसमोर गाणं म्हणायचंच, त्यात सुटका नाही. माझा गळा आईसारखा. रेशमी पावाडै नेसून मी डोळे मिटून गायला लागले की म्हाताऱ्या मामी पदराला डोळे पुसायच्या. कोण कुठले हे लोक, असं विचारणाऱ्यांचीही तोंडं बंद व्हायची. नंतर द्रोणातून उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल मिळायचं, खोबरं पेरलेलं. ते खाऊन झालं की मला तहान लागायची. “तहान लागली म्हणायचं आणि पाणी प्यायला आत जायचं,” हे आईनं शिकवलेलं. मला वाटायचं, तोही खेळाचाच भाग, कारण आत गेल्याशिवाय आतलं कसं सांगणार?

त्या वर्षी पद्मा मामीकडं गेलो. आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं, नवीन बांधलेल्या इमारतीत दुसरा मजला. तीही आमच्यासारखी तंजावर मराठी, आईची जुजबी ओळखीची. घरी नवरा, दोन लहान मुलं आणि ती, असं आईला ठाऊक होतं. मी गायले, सुंडल खाल्लं, मला तहान लागली. मधल्या बोळातून जाताना डाव्या हाताची खोली अर्धवट उघडी होती. मी डोकावले. जमिनीवर मांडायच्या राहिलेल्या बाहुल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये लाकडी खुर्चीत एक भली मोठी बाहुली बसवलेली. हिरवं रेशमी लुगडं, कपाळभर कुंकू, दोन्ही हात मांडीवर, पाय जमिनीला न टेकणारे. एवढी मोठी बाहुली मी जन्मात पाहिली नव्हती. चेहऱ्यावर बारीक बारीक सुरकुत्या कोरलेल्या होत्या. मी बघत राहिले. बाहेर कुणीतरी दुसरी मुलगी गायला लागली होती, आणि खोलीत इतकं शांत होतं की मला माझ्या पैंजणांचा आवाज नको झाला.

आणि बाहुलीचे डोळे हलले. बाकी काहीही हललं नाही, नुसती बुबुळं माझ्याकडं आली, थांबली आणि परत समोर गेली.

मी धूम ठोकली, पाणीसुद्धा प्यायले नाही. रस्त्यावर बाबांनी खांद्यांवर हात ठेवले आणि मी डोळे मिटून सगळं सांगितलं. बोळ, बोळातून समोर दिसलेलं स्वयंपाकघर, त्याचं मागचं दार, मामीनं माझ्यादेखत गॅसच्या ओट्यावरच्या पितळी डब्यात टाकलेली कपाटाची किल्ली. “आणि डावीकडच्या खोलीत एक मोठी बाहुली, हिरवं लुगडं नेसलेली.” बाबांनी विचारलं, “माणूस कुणी?” मी म्हटलं, “नाही.” मला रोझमिल्क मिळालं.

त्या “नाही”चं मी पुढं काय काय केलं ते देव जाणे. कधी म्हणते, बाहुलीचे डोळे हलले म्हटलं असतं तर बाबा हसले असते. कधी म्हणते, मी घाबरले होते, घाबरलेल्या पोरीला काय कळतं. पण एकांतात खरं सांगायचं तर मला तो ग्लास हवा होता. यादी बिनचूक व्हायला हवी होती आणि हलणारी बाहुली बिनचूक यादीत बसत नव्हती.

विजयादशमीच्या दुपारी पद्मा मामी नवऱ्याबरोबर दोन्ही मुलांना अक्षर गिरवायला देवळात घेऊन गेली. त्याच दुपारी आई-बाबा मला शेजारच्या घरी सोडून “जरा जाऊन येतो” म्हणाले. संध्याकाळी परत आले. आईनं घरातल्या सगळ्या तसबिरी एकेक करून सरळ केल्या, ज्या सरळच होत्या. दोघं माझ्याशी त्या रात्री बोलली नाहीत, आणि मला आत कुठंतरी वाटत राहिलं की माझ्या यादीत काहीतरी चुकलं होतं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, आम्ही एग्मोरला गेलो. मला सांगितलं की सोलापूरला आजीकडं जायचंय. स्टेशनात उकाडा होता, वजनाच्या यंत्राचे दिवे गरगरत होते, हमाल पेट्यांवर बसून ताकभात खात होते. पुस्तकांच्या दुकानाशेजारच्या बाकावर मला बसवलं. आईनं माझी रिबीन सोडून परत बांधली, दोन्ही टोकं सारखी होईपर्यंत ओढली. मग बाबा समोर उकिडवे बसले, खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, “डोळे मिटून सांग. सावकाश सांग. काही सोडू नकोस.” मला आनंद झाला, कारण तीन दिवसांत पहिल्यांदा खेळ होत होता. मी सांगत गेले. वजनाचं यंत्र, त्याचे लाल-हिरवे दिवे, सात हमाल, चहाच्या दोन किटल्या, पुस्तकवाल्याची चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, जिना, जिन्याखाली कुत्रं, कुत्र्याचा एक कान फाटका. खांद्यावरचे हात केव्हा उचलले गेले ते मला कळलं. मला वाटलं, बाबांना घाम आला असेल. मी सगळ्यात शेवटी म्हटलं, “आणि आई, आणि बाबा.” आणि डोळे उघडले.

त्या दोघांना मी त्यानंतर पाहिलेलं नाही. आजतागायत नाही.

मी बराच वेळ बसून राहिले, कारण मला वाटलं यादीत काहीतरी सुटलंय. परत डोळे मिटले, परत पहिल्यापासून सांगितलं. पुस्तकवाला मला निरखायला लागला तेव्हा उठले. आईची धाकटी बहीण, जिला मी इकडच्या चालीनं चित्ती म्हणायचे, जवळच एका सरकारी ऑफिसात कारकून होती. एकदाच गेले होते तिथं, पण वळणं पाठ होती. चित्तीनं मला दारात बघितलं, माझ्या मागं बघितलं आणि आपली पर्स उचलली. ऑटोत बसल्यावर तिनं एकच विचारलं, जेवलीस का. मी नाही म्हटलं. घरी नेऊन तिनं मला दहीभात आणि लिंबाचं लोणचं वाढलं आणि मी खात असताना बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडली. नळाचा आवाज मला अजून कधी कधी खोटा वाटतो.

दुसऱ्या दिवशी पोलिसातली एक बाई आली. साध्या साडीत, गोड बोलणारी. बाबांना पद्मा मामीच्या जिन्यात कुणीतरी पाहिलं होतं. तिनं विचारलं, आई-बाबांबरोबर तू कुणाकुणाकडं जायचीस? आणि माझं मेलं डोकं, मी डोळे मिटले. एकेक घर घेतलं. कड्या, किल्ल्या, मागची दारं, कोण दुपारी झोपतं. अकरा घरं झाली. मी फार छान सांगत होते. खरंच, मला अभिमान वाटत होता. डोळे उघडले तेव्हा बाईनं लिहायचं केव्हाच थांबवलं होतं आणि चित्ती कॉफीचा पेला हातात घेऊन दारात तशीच उभी होती. अकराच्या अकरा घरांत चोरी झाली होती. आणि शेवटच्या घरात, बाई तमिळमध्ये चित्तीला हळू म्हणाली, एक म्हातारी होती. अर्धांग झालेली. चोरीच्या चारच दिवस आधी सून तिला तंजावरहून घेऊन आली होती. तिच्या तोंडावरून बाहुल्या झाकायचं धोतर घालून बाहेरून कडी लावून गेले. श्वास कोंडला, जीव वाचला, पण तेव्हापासून तिनं तोंडातून शब्द काढलेला नाही.

मी तेव्हा काय केलं असेल? मी म्हटलं, “ती बाहुली होती.” कुणी मला विचारलंही नव्हतं.

मग चित्तीच्या घरातलं ते वर्ष. ती मला कधी टाकून बोलली नाही, हे आधी लिहिते. पण पहिला महिनाभर कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. ती घरभर फिरायची आणि किल्ल्या तिच्याबरोबर वाजायच्या. मी अभ्यासाला बसले की कानानं सांगू शकायचे, आता ती कुठं आहे, किल्ली कुठं आहे. मला ते सांगायचं नसायचं. यादी आपोआप सुरू व्हायची, आणि ती माझ्या आवाजात नसायची. शाळेतल्या बाई टेबलाचा खण कसा उघडतात, वाण्याची म्हातारी आई केव्हा पेंगते, सगळं माझ्या आत कुणीतरी हळूहळू मोजत असायचं आणि शेवटी थांबून वाट बघायचं, खांद्यावर हात पडायची. आरशात बघितलं की आईचं कपाळ दिसायचं. एकदा अंघोळ करताना मी गुणगुणले आणि बाहेर भांडं पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं तर चित्ती भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. तिला क्षणभर वाटलं होतं की ताई आली. मी गाणं सोडलं. कुणाच्या घरी जायचंही सोडलं. उंबऱ्यापाशी उभी राहायचे आणि डोळे जमिनीवर लावायचे, म्हणजे आत काही शिरायला नको.

शेवटी मीच चित्तीला म्हटलं, किल्ल्या लपव, मला कळेल अशा ठेवू नकोस. तिनं माझ्याकडं बघितलं, कमरेचा जुडगा सोडला आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. “घरांत माणसें दोन,” ती म्हणाली. “कोणापासून लपवूं गे?” त्या किल्ल्या पुढं पंधरा वर्षं त्याच खिळ्याला होत्या. मी हल्ली पेरुंगुडीच्या मोठमोठ्या ऑफिसांसाठी आग लागली तर माणसं कुठून बाहेर काढायची याचे नकाशे करते. लोक म्हणतात, तुझी नजर काय तयार आहे हो. मी हसते. कुणाकडून तयार करून घेतली, ते सांगत नाही.

पुढचं नवरात्र आलं. चौथ्या माळेच्या संध्याकाळी पद्मा मामी कुंकवाचा करंडा घेऊन आमच्या दारात उभी. कुंकू लावून कोलूला बोलावलं की नाही म्हणायची पद्धत नाही. चित्तीच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं, मग घुटमळली. सासूबाई आता तोडकंमोडकं बोलायला लागल्या होत्या आणि गेले चार दिवस एकच धोशा लावला होता, त्या पोरीला आणा. मामीच्या मनात नव्हतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. चित्ती म्हणाली, ती येणार नाही, लहान आहे. मी आतून ऐकत होते. मला जायची भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती ही होती की आज गेले नाही तर ती बाहुली जन्मभर त्या खुर्चीत बसून माझ्याकडं बघत राहील. मी बाहेर येऊन कपाळ पुढं केलं.

त्याच पायऱ्या, तेच वाणी आणि वाणीण, तीच मेथीची बाग. मला कुणी गायला सांगितलं नाही. जमलेल्या बायकांतल्या एकीनं मी आल्यावर आपली पर्स मांडीवर घेतली. मामीनं बोळाकडं हात केला. चित्ती उठायला लागली, तेव्हा मामीनं तिला थांबवलं. पाट्टीनं, म्हणजे त्या म्हाताऱ्या आजीनं, मला एकटीलाच बोलावलं होतं. मी त्या बोळातून चालले आणि डावीकडच्या दारात उभी राहिले. गुंडाळलेल्या बाहुल्या, मध्ये खुर्ची, खुर्चीत हिरवं लुगडं. हात मांडीवर, पाय अधांतरी. डोळे समोर. काहीच हलत नव्हतं. मला वाटलं, मी घोटाळा केलाय, ही खरंच बाहुली आहे, सगळे लोक खोटं बोलतायत.

“ये,” ती म्हणाली. तोंडाचा एकच कोपरा हलला.

मी आत गेले नाही. तिनं मला विचारलं, त्या दिवशी डोकावणारी मीच होते ना. मी मान हलवली. मग म्हणाली, तुझ्या आईनं धोतर टाकण्याआधी माझा पदर सारखा केला. खांद्यावरून घसरला होता. एक शब्द बोलली नाही, पण पदर नीट बसवला आणि मग तोंडावरून टाकलं. हे सांगताना तिचा आवाज रागाचा नव्हता, नवल केल्यासारखा होता. माझ्या मानेवर, रिबीन बांधायची तिथं, गार वाटलं.

“तूं त्यांना काय सांगितलेंस?” तिनं विचारलं.

“बाहुली,” मी म्हटलं.

मग तिचं पोट हलायला लागलं. मला कळायला वेळ लागला की ती हसतेय. थांबत थांबत तिनं सांगितलं, की सून तिला नटवून बसवायची आणि पोरं डोकावायची, तेव्हा ती मुद्दामच पापणी न हलवता बसायची. तेवढीच करमणूक उरली होती तिला. “मीच तुजला फसवलें,” ती म्हणाली. “तूं काय करशील गे?”

तिथं सगळं संपवता आलं असतं. ती मला सोडत होती, आणि मी अकरा वर्षांची होते. पण माझ्या आतली यादी थांबायला तयार नव्हती, त्यात एक ओळ चुकीची होती आणि ती मला माहीत होती. मी म्हटलं, “तुमचे डोळे हलले होते. मी पाहिलं होतं. बाबांनी विचारलं माणूस कुणी, आणि मी नाही म्हटलं.” मग मला थांबताच येईना. रोझमिल्क, खांद्यावरचे हात, डोळे मिटून सांग, एग्मोरचा बाक, सगळं त्या दारात उभ्यानं ओकले. मी रडत नव्हते. पाट्टीचं हसू गेलं होतं. बाहेर कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि ते संपलं, दुसरं सुरू झालं. तिनं आता मला हाकलावं, अशी मी वाट बघत होते.

तिनं मांडीवरचा चांगला हात उचलला, हळूहळू, वजन उचलल्यासारखा, आणि मला जवळ बोलावलं. मी उंबरा ओलांडला. तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले. तो हात माझ्या खांद्यावर आला. कोरडा, हलका हात होता, बाबांच्या हातासारखा मुळीच नव्हता.

“डोळे झांक,” ती म्हणाली. “ह्या खोलींत काय काय आहे, सांग.”

मला नको होतं. पण मी मिटले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाहुल्या, नऊ. एक कागद फाटून आतला मोराचा पिसारा दिसतोय. खिडकी, तिला गज. खाटेवर घडी केलेली चादर. तांब्या, त्यावर पेला पालथा. कोनाड्यात औषधाच्या तीन बाटल्या. दाराला बाहेरून कडी. खांद्यावरचा हात होता की नाही, मला आता सांगता येत नव्हतं, इतका तो हलका होता.

“आणि?” लांबून आल्यासारखा आवाज आला.

“खुर्ची.”

“खुर्चीवर?”

मला एग्मोरचा बाक दिसला, वजनाच्या यंत्राचे दिवे दिसले. शेवटचं नाव घेतलं की डोळे उघडावे लागतात, आणि उघडले की काय होतं ते मला माहीत होतं.

“खुर्चीवर माणूस आहे,” मी म्हटलं. “जिवंत माणूस. पाट्टी आहे.”

मी डोळे उघडले. ती तिथंच होती.